टेम्पररी म्हणून वर्षं चाललीत? परमनंट व्हायचा हक्क कसा मागायचा

२४० दिवस भरले की माणूस आपोआप परमनंट होतो, हे वाक्य प्रत्येक एमआयडीसीत ऐकायला मिळतं आणि ते अर्धंच खरं आहे. या अर्ध्या खऱ्यावर विसंबून कितीतरी पोरं उमेदीची वर्षं वाट बघण्यात घालवतात, म्हणून आधी तेवढं नीट सांगतो.

२४० दिवस हा आकडा दोन वेगळ्या ठिकाणी येतो. एक म्हणजे औद्योगिक विवाद कायदा १९४७. तिथे वर्षात २४० दिवस भरले तर तुम्हाला नोटीस आणि भरपाई दिल्याशिवाय कमी करता येत नाही, म्हणजे एक महिन्याची नोटीस नाहीतर तेवढा पगार आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. हे संरक्षण काढून टाकण्यापासून आहे, परमनंट करण्याबद्दल त्या कलमात काहीच नाही. दुसरी जागा म्हणजे आपल्या महाराष्ट्राचे मॉडेल स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे आदर्श स्थायी आदेश, त्यातलं ४-सी हे कलम. खरा हक्क तिथे आहे. ते म्हणतं की बदली (म्हणजे दुसऱ्याच्या जागी तात्पुरता लावलेला) किंवा टेम्पररी कामगाराने मागच्या बारा महिन्यांत एकूण २४० दिवस (हंगामी कारखान्यात १९० दिवस) काम केलं असेल तर मॅनेजरच्या सहीच्या लेखी ऑर्डरने त्याला कायम करायचं, आणि पूर्ण बारा महिने त्याचं नाव मस्टरवर होतं की नव्हतं याने फरक पडत नाही.

ते शेवटचं वाक्य परत वाचा, कारण सात महिन्यांनी ब्रेक द्यायची जी पद्धत आहे तिला उत्तर तिथेच आहे. समजा तुम्ही १ जूनला लागलात, ३१ डिसेंबरला ब्रेक दिला, जानेवारी घरी बसलात आणि १ फेब्रुवारीला परत त्याच गेटमधून आत गेलात. जून ते डिसेंबर झाले २१४ दिवस, राहिले २६, म्हणजे २६ फेब्रुवारीला मागच्या बारा महिन्यांतले २४० पूर्ण. मधला महिना रिकामा गेला तरी बेरीज होते कारण कलमात "एकूण" म्हटलंय. आता रविवार धरायचे का, हा प्रश्न नेहमी येतो. १९८५ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्या मोजणीत धरायच्या असं सांगितलं, पण ते औद्योगिक विवाद कायद्यातल्या २४० दिवसांबद्दल होतं आणि तुमची साप्ताहिक सुट्टी बिनपगारी असेल तर समोरचा वकील तिथेच अडवणार. म्हणून दोन हिशोब करून ठेवा, एक सुट्ट्यांसकट आणि एक सुट्ट्या वगळून. वरच्याच उदाहरणात सुट्ट्या वगळल्या तर २४० दिवस एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात भरतात, फार लांब जात नाही.

आणि आपोआप काहीच होत नाही. ऑर्डर कंपनीने काढायची असते, ती काढत नाही, मग तुम्हाला मागावी लागते, आणि मागताना हातात कागद लागतो.

आधी आपण कोण आहोत ते ठरवा

पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. पगार कोण देतं, लेटर कोणाच्या लेटरहेडवर आहे, पीएफ कोणाच्या कोडवर जमा होतो, हे बघा. कंपनीने स्वतः घेतलेला टेम्पररी किंवा बदली असाल तर तुमचा रस्ता सगळ्यात सरळ आहे. ठेकेदाराच्या रोलवर असाल तर रस्ता वेगळा आणि लांबचा. अप्रेंटिस असाल तर १९६१ चा अप्रेंटिस कायदा तुम्हाला कामगार मानत नाही, पण तुमचा करार खरंच नोंदवलाय का ते तपासा, कारण कागदावर ट्रेनी आणि प्रत्यक्षात तीन शिफ्टमध्ये लाईनवर प्रॉडक्शन, शिकवायला कोणी नाही, अशी परिस्थिती असेल तर नुसत्या ट्रेनी या नावावर कोर्ट थांबेलच असं नाही. फिक्स्ड टर्म असाल, म्हणजे लेटरवर सुरुवातीची आणि शेवटची तारीख लिहिलेली असेल, तर मुदत संपल्यावर आपोआप कायम व्हायचा हक्क कायदा देत नाही. मात्र परमनंट कामगाराइतकाच पगार आणि सवलती मिळाल्या पाहिजेत आणि नव्या लेबर कोडप्रमाणे, म्हणजे केंद्राच्या नव्या कामगार कायद्यांप्रमाणे, एक वर्षाच्या नोकरीनंतरही ग्रॅच्युइटी मिळते, ती सोडू नका.

नव्या कोडचा विषय निघालाच आहे तर तोही उरकतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झाले आणि औद्योगिक विवाद कायदा, १९४६ चा स्टँडिंग ऑर्डरचा कायदा आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा हे तिन्ही इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमध्ये गेले. महाराष्ट्रात आधी ५० कामगारांपासून स्टँडिंग ऑर्डर लागू व्हायचे, कोडमध्ये हा आकडा ३०० आहे. छोट्या आणि मधल्या कारखान्यातल्या लोकांना याचा मोठा फटका आहे आणि माझ्या मते हा बदल कामगाराच्या मुळावर येणारा आहे. म्हणून ज्यांचे २४० दिवस त्या तारखेच्या आधीच भरलेत त्यांनी आपला हक्क तेव्हाच तयार झाला होता हे अर्जात तारखेसकट लिहायचं, ती तारीख मोघम ठेवायची नाही. टेम्पररीला वर्षानुवर्षं टेम्पररीच ठेवणं ही अनुचित प्रथा मात्र जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत होती आणि नव्या कोडच्या दुसऱ्या अनुसूचीतही आहे. आणि रद्द झालेले कायदे केंद्राचे आहेत, आपला १९७१ चा राज्याचा कायदा (त्याबद्दल लगेच पुढे सांगतो) त्या यादीत नाही. केस टाकण्याआधी वकिलाला किंवा युनियनला हा प्रश्न थेट विचारा की माझी तक्रार नेमक्या कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली टाकताय, आणि उत्तर लिहून घ्या.

१९७१ चा कायदा, आपलं मुख्य हत्यार

लोक याला नुसतं यूएलपी म्हणतात. लांबलचक नाव आहे, कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध वगैरे. याच्या चौथ्या अनुसूचीत बाब ६ आहे: बदली, कॅज्युअल किंवा टेम्पररी कामगारांना कायम कामगारांचे हक्क मिळू नयेत या हेतूने वर्षानुवर्षं तसंच ठेवणं. तक्रार औद्योगिक न्यायालयात जाते. गोव्यात हा कायदा नाही, तिथल्या मित्रांनी हा भाग सोडून पुढे जा.

यात "हेतूने" हा शब्द बघून लोक घाबरतात की कंपनीच्या मनातलं आपण कसं सिद्ध करणार. पुण्यातल्या वनखात्याच्या रोजंदारी कामगारांच्या केसमध्ये, पाचगाव पर्वतीच्या योजनेवर काम करणारी माणसं होती ती, सुप्रीम कोर्टाने १९९५ च्या डिसेंबरमध्ये सांगितलं की वर्षानुवर्षं कॅज्युअल म्हणून ठेवलं यातूनच हेतू काढता येतो, कामगाराने तो वेगळा सिद्ध करायची गरज नाही. वनखातं म्हणत होतं आम्ही उद्योगच नाही, तेही मान्य झालं नाही. तीस वर्षं होत आली तरी हा निकाल आजही वापरला जातो, वकिलाला तो माहीत असतोच, पण तुम्हालाही माहीत असू द्या.

आता दोन गोष्टी ज्या न कळल्यामुळे चांगल्या केसेस पडतात.

पहिली म्हणजे ९० दिवस. अनुचित प्रथा घडल्यापासून ९० दिवसांत तक्रार करायची असते. उशीर झाला तर माफीचा अर्ज देता येतो पण कारण पटावं लागतं. टेम्पररी ठेवणं रोज चालू असतं म्हणून ती चालू राहणारी प्रथा आहे असं मांडता येतं, पण हे मांडायला तुम्ही कामावर असायला हवं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की कामावर असतानाच तक्रार टाका. एकदा गेटबाहेर काढलं की प्रश्न बदलतो, मग ती काढून टाकल्याची केस होते, तीही ९० दिवसांतच पण लेबर कोर्टात, बाब १ खाली, आणि परमनंटचा मुद्दा मागे पडतो.

दुसरी म्हणजे मान्यताप्राप्त युनियन. या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे बाब ६ च्या तक्रारीत कंपनीत मान्यताप्राप्त युनियन असेल तर तिच्यामार्फतच यावं लागतं, एकट्या कामगाराला उभं राहता येत नाही. अशी युनियन नसेल तरच स्वतः जाता येतं. इथे "मान्यताप्राप्त" म्हणजे औद्योगिक न्यायालयाचं प्रमाणपत्र मिळालेली, नुसती रजिस्टर केलेली किंवा कंपनीने करार केलेली नव्हे. हे प्रमाणपत्र आहे की नाही ते न्यायालयाच्या ऑफिसातून खात्री करून घ्या, गेटवरच्या बोर्डावर जाऊ नका. आणि असेल तर त्या युनियनला आधी लेखी अर्ज द्या की आमची तक्रार दाखल करा, पोच घ्या. परमनंट लोकांची युनियन टेम्पररी लोकांकडे लक्ष देत नाही ही तक्रार खूप ठिकाणी आहे आणि ती खरी आहे, पण लेखी अर्ज असला की त्यांनाही उत्तर द्यावं लागतं.

कागद जमवा, आजपासून

दिवस भरले हे सिद्ध करायची जबाबदारी कामगाराची आहे, नुसतं प्रतिज्ञापत्र पुरत नाही, सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये हे स्पष्ट केलंय. पण २००५ च्या दुसऱ्या एका निकालात हेही सांगितलंय की कामगाराने साक्ष दिली, कंपनीकडचं मस्टर मागवलं आणि कंपनीने ते दिलं नाही तर परिस्थिती बघून कोर्ट कंपनीच्या विरोधात अर्थ काढू शकतं. म्हणजे थोडा तरी पुरावा तुमच्याकडे हवा आणि बाकीचा मागवायचा.

सगळ्यात चांगला पुरावा तुमच्या मोबाईलवरच आहे आणि लोकांना माहीत नसतं. ईएसआयसीच्या पोर्टलवर तुमच्या वर्गणीचा इतिहास दिसतो, त्यात महिन्यागणिक किती दिवसांचा पगार धरलाय तो आकडा असतो. हे रेकॉर्ड मालकाने स्वतः सरकारकडे भरलेलं असतं, ते नंतर नाकारणं अवघड जातं. पीएफचं पासबुक आणि सर्व्हिस हिस्टरी पण डाउनलोड करा, तिथे कुठल्या नावावर कधी लागलात आणि कधी सोडलंत हे ओळीने दिसतं, एकाच प्लांटमध्ये सात-सात महिन्यांनी नाव बदलत गेलेलं असेल तर पूर्ण खेळ त्या एका पानावर उघडा पडतो. पीडीएफ काढून स्वतःला मेल करून ठेवा.

बाकी पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, गेटपासचे फोटो, शिफ्ट चार्ट, सुपरवायझरचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज (ग्रुपमधून काढण्याआधी एक्स्पोर्ट करून ठेवा), कंपनीच्या बसचा पास, सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, मशीनच्या चेकशीटवर तुमची सही असलेली पानं, अपघात झाला असेल तर त्याचे कागद. कंपनीचे गोपनीय कागद उचलून आणू नका, त्यावरूनच चार्जशीट देतील, असे कागद कोर्टामार्फत मागवता येतात. एका वहीत रोजचं लिहा: तारीख, शिफ्ट, कुठल्या मशीनवर, सोबत कोण. आणि तुमच्या शेजारी तेच काम करणारा परमनंट माणूस कोण आहे, त्याचं पद काय, हे नक्की लिहा, कारण काम कायम स्वरूपाचं आहे हे दाखवायला याच्याइतकं सरळ काही नाही.

ब्रेकच्या वेळी राजीनामा लिहून घेतात, किंवा कोऱ्या कागदावर सही, किंवा फुल अँड फायनल मिळालं असं व्हाऊचर. घरात पैशाची गरज असते, परत घेतील ही आशा असते, हे सगळं समजतं मला, तरी कोऱ्या कागदावर सही करू नका. पैसे घेताना सही करावीच लागली तर सहीशेजारी "हक्क राखून" एवढं लिहा आणि फोटो काढा. तेही लिहू दिलं नाही तर त्याच संध्याकाळी एचआरला मेल टाका की आज माझ्याकडून अशी सही घेतली, मी राजीनामा दिलेला नाही. त्याच दिवशीच्या मेलला वजन असतं, सहा महिन्यांनी सांगितलेल्या गोष्टीला नसतं.

मग मागणीचा अर्ज

साधा, एका पानाचा. कधी लागलो, कुठल्या खात्यात, काय काम, कुठल्या तारखेला २४० दिवस भरले, मधले ब्रेक कधी दिले, आणि मला त्या तारखेपासून कायम करून त्या पदाचा पगार व सवलती द्याव्यात. अर्जावर दहा-वीस जणांच्या सह्या असल्या तर चांगलं, एकट्याला टिपणं सोपं असतं. अर्ज मॅनेजरच्या नावाने स्पीड पोस्टने, पावती आणि पोचचा पुरावा जपून. प्रत सहायक कामगार आयुक्त कार्यालयात देऊन शिक्का घ्या.

काही दिवस वाट बघा पण महिने घालवू नका. वकिलाच्या खर्चामुळे लोक इथे थांबतात, तर हे लक्षात ठेवा की १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील मिळायला पात्र लोकांच्या यादीत औद्योगिक कामगार स्वतंत्र लिहिलेला आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक हेही त्यातच. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, हेल्पलाईन १५१००.

तक्रारीसोबतच अंतरिम अर्ज टाकायला लावा, कलम ३०(२) खाली, की निकाल लागेपर्यंत आम्हाला काढू नये आणि आमच्या जागी नवीन टेम्पररी भरू नयेत. हा अर्ज नसेल तर नोटीस गेली की काही दिवसांत सगळ्यांना ब्रेक मिळतो, हे होतंच, त्यामुळे तक्रार आणि हा अर्ज एकाच दिवशी गेले पाहिजेत. केस लांब चालते, त्या काळात आत राहून पगार घेत लढणं आणि बाहेर राहून लढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ठेकेदाराच्या रोलवर असाल तर

इथे थेट यूएलपी टाकू नका. २००१ च्या सिप्लाच्या निकालापासून हे पक्कं आहे की कंपनी म्हणत असेल हा आमचा कामगारच नाही, तर आधी मालक-कामगार नातं ठरलं पाहिजे आणि ते यूएलपीच्या तक्रारीत ठरत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्टील अथॉरिटीच्या केसमध्ये पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की कंत्राटी पद्धत बंद झाली म्हणून कंत्राटी कामगार आपोआप कंपनीचे होत नाहीत, पण कंत्राट नुसतं दाखवायला असेल, बोगस असेल, तर ते पहिल्यापासून कंपनीचेच कामगार.

मग रस्ता असा की युनियनमार्फत कामगार आयुक्तांकडे वाद उपस्थित करायचा, समेट झाला नाही की ट्रिब्युनल, म्हणजे औद्योगिक न्यायाधिकरण. नव्या कोडमध्ये समेटाची प्रक्रिया ४५ दिवसांची आहे आणि ती फिसकटल्याचा रिपोर्ट आल्यावर ९० दिवसांत स्वतः ट्रिब्युनलकडे अर्ज करता येतो, आधीसारखी सरकारने केस पाठवायची वाट बघावी लागत नाही. ही एक गोष्ट नव्या कोडमध्ये चांगली झालीये.

इथे सिद्ध करायचं ते हे: काम कोण सांगतं, रजा कोण मंजूर करतं, मेमो कोण देतं, हत्यारं-मशीन कोणाची, ठेकेदार बदलला तरी माणसं तीच राहिली का. शेवटचा मुद्दा सगळ्यात जड. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची केस वाचण्यासारखी आहे, कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढलेली. कागदावर त्या माणसांना "स्वयंसेवक" म्हटलं होतं, पगाराला मानधन, आणि करत होती ती शहराचा कचरा उचलायचं रोजचं काम. ट्रिब्युनलने कंत्राट खोटं ठरवलं आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत टिकून २,७०० कामगार कायम झाले. वर्षं लागली, पण एकत्र राहिले म्हणून झालं, सुटे सुटे गेले असते तर प्रत्येकाला वेगळं गाठून गप्प केलं असतं.

सरकारी, पालिका, महामंडळ

२००६ च्या उमादेवी निकालाचं नाव ऐकवून इथे प्रत्येकाला परत पाठवतात. तो निकाल म्हणतो की भरतीची रीतसर प्रक्रिया न करता घेतलेल्याला कोर्टाने सरसकट कायम करू नये. पण २००९ मध्ये आपल्या एसटीच्याच केसमध्ये, कास्ट्राईब संघटनेच्या, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की उमादेवीमुळे औद्योगिक न्यायालयाचे यूएलपी खालचे अधिकार जात नाहीत, पद असेल आणि अनुचित प्रथा सिद्ध झाली असेल तर ते कायम करायचा आदेश देऊ शकतं. पद असेल, हे महत्त्वाचं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या केसमध्ये २००१ साली कामगार तिथेच अडले, मंजूर पदंच नव्हती. आणि अलीकडे जग्गो (डिसेंबर २०२४) आणि श्रीपाल (जानेवारी २०२५) या दोन निकालांत कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की कायम स्वरूपाचं काम वर्षानुवर्षं टेम्पररी माणसाकडून करून घ्यायला उमादेवीची ढाल वापरता येणार नाही.

म्हणून सरकारी लोकांनी पहिलं काम माहिती अधिकाराचा अर्ज. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा आणि मागा: आकृतिबंधाची (म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्याची) प्रत, तुमच्या पदाची मंजूर, भरलेली आणि रिक्त संख्या वर्षवार, तुमच्या नेमणुकीच्या वेळची जाहिरात किंवा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजकडून मागवलेली यादी, हजेरीपट. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. या कागदांवरून केस उभी राहते की नाही हे वकील एका बैठकीत सांगू शकतो.

निकाल तुमच्या बाजूने लागला की ऑर्डर नीट वाचा. कायम केल्याची तारीख कुठली धरलीये, २४० दिवस भरल्याची, तक्रार केल्याची की निकालाची, यावर सीनिऑरिटी आणि मागचा फरक ठरतो, आणि कंपन्या शेवटची तारीख धरून मोकळ्या होतात. पगाराची श्रेणी आणि पदाचं नाव लिहिलंय का बघा. आणि कंपनी हायकोर्टात जाणार हे धरून चाला, म्हणून त्याच आठवड्यात कॅव्हेट टाका, म्हणजे तुम्हाला न ऐकता स्टे मिळणं अवघड होतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांना ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही, कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय. कॅव्हेट ९० दिवसच टिकतं, तोवर कंपनी हलली नाही तर परत टाकायचं.